बगळ्यासाठी जाळी

तळं अजून खणलंही नव्हतं, तेव्हाच मी माझ्या मुलीला त्याच्या मधोमध बसलेलं पाहिलं. कामावरून नुकती परतले होते, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. मागचं दार सताड उघडं होतं, आणि जिथे सकाळपर्यंत नुसतं वाळकं गवत होतं तिथे झाडांना पाणी घालायचा पिवळा पाइप वाकडातिकडा, काजूच्या आकारात मांडून ठेवलेला. त्याच्या आत भिंगरी मांडी घालून बसली होती. एकटी, शहाण्यासारखी, दोन्ही हात मांडीवर. ती शहाण्यासारखी कधीच बसत नाही, म्हणून तर तिला भिंगरी म्हणतात. मी हाक मारली तरी उठली नाही. म्हणाली, "आजोनी सांगितलंय, पाइपाच्या बाहेर यायचं नाही." आजो म्हणजे तिचे आजोबा, माझे सासरे, मी त्यांना बाबा म्हणते. तिला कडेवर घेऊन मी आत गेले तर बाबा त्यांच्या खोलीत कपाटासमोर उभे होते. कपाटाची दोन्ही दारं उघडी, हात वरच्या फळीवर. त्यांची पाठ बघूनच मला कळलं की ते वस्तू शोधत नाहीयेत. कुठली वस्तू शोधायची होती, ते शोधताहेत. मी विचारलं, काय हवंय बाबा? ते वळले, चष्म्यातून माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "आलीस? बघितलंस का तळं?"

मी भिंगरीला न्हाणीघरात नेलं. बोलण्यासारखं घडलं तरी काय होतं? पोर घरच्याच अंगणात बसली होती, आजोबा हाकेच्या अंतरावर होते, आणि पाणी म्हणाल तर पाइपात उरलं असेल तेवढंच. पण भिंगरीचे पाय धुताना तिच्या तळव्याला चिकटलेली गवताची काडी मी नखाने सोडवत होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. त्यांनी तिला आत बसवलं होतं. लहान मुलासाठी आपण जमिनीवर रेघ ओढतो ती धोका बाहेर ठेवायला. आतली जागा भरवशाची. या रेघेच्या आत मात्र छातीइतकं पाणी येणार होतं. रेघ ओढणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं, खोली त्यानेच ठरवली होती. तरी त्याने तिला नेमकं तिथेच बसवलं, थांब म्हणाला, काहीतरी आणायला आत गेला, आणि ते काहीतरीच विसरला. मी टॉवेलने तिच्या बोटांच्या बेचक्या पुसत राहिले. कोरड्या झाल्या तरी पुसत राहिले, शेवटी तीच म्हणाली, आई, पुरे.

बाबांनी आयुष्यभर नकाशे काढले. घरांचे नव्हेत, पाण्याच्या टाक्यांचे. जमिनीखालच्या, गच्चीवरच्या, उंच खांबांवरच्या. त्यांच्या बोटाला पेन्सिल धरून पडलेला घट्टा अजून आहे, आणि बोलताना ते टेबलावर नखाने सरळ रेघा ओढतात. एकदा जेवताना म्हणाले होते, टाकी केवढी का असेना, शेवटी तिच्यावर झाकण येतंच. जन्मभर झाकणाच्या टाक्या काढल्या, आतलं पाणी कसं दिसतं ते कधी कागदावर आलंच नाही. निवृत्ती आणि सासूबाईंचं जाणं पाठोपाठ आलं, आणि त्यानंतर त्यांचे हात नुसतेच टेबलावर पडून असायचे. म्हणून तळ्याची कल्पना निघाली तेव्हा घरात सगळ्यांना बरंच वाटलं होतं. मलाही. त्यांनी नकाशा जुन्या शिरस्त्याने केला: वरून दिसणारं तळं, मधोमध कापलेलं तळं, पंपाची जागा, लिलीच्या टोपलीसाठी गोल. मासे तेवढे पट्टी न लावता काढलेले, म्हणून जरा लाजल्यासारखे दिसत होते. कोई जातीचे जपानी मासे, केशरी आणि पांढऱ्या ठिपक्यांचे. त्यांना उथळ पाणी सोसत नाही, उन्हात तापतं, थंडीत गारठतं. मी म्हटलं, गुडघ्याएवढं नाही का चालणार? बाबा म्हणाले, गुडघ्याएवढ्या पाण्यात मासे नाही, डास पाळता येतात. त्यावर माझा नवरा खो खो हसला आणि विषय तिथेच संपला.

नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, हात मांडीवर ठेवून, समोरून येणाऱ्या ट्रककडे शांतपणे बघत राहणं हा त्याचा धंदा आहे. घरीही त्याचं तेच. जाऊ दे गं, होईल, शिकतील. बाबा विसरायला लागलेत हे मी त्याला आडून सांगितलं, मग सरळ सांगितलं. त्याचं म्हणणं, या वयाचा माणूस चष्मा विसरणार नाही तर काय करणार? मीसुद्धा यंदा तुझा वाढदिवस विसरलोच की. तो हे हसवायला म्हणाला होता, पण मला हसू आलं नाही.

"तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो," मी म्हणाले. "माझ्या नाही."

तो बुटाची नाडी सोडता सोडता, माझ्याकडे न बघता म्हणाला, तळं त्यांना करू दे, त्यांच्याकडे दुसरं आहे काय. हे मलाही ठाऊक होतं. तळं नसतं तर बाबा त्या कपाटासमोर नुसतेच उभे राहिले असते. पण खरा प्रश्न तळ्याचा नव्हताच, आणि तो तोंडाने उच्चारायला आमच्यापैकी कुणी तयार नव्हतं. दुपारी पाळणाघरातून आल्यापासून मी परतेपर्यंत भिंगरी बाबांच्या ताब्यात असायची. त्यावर माझी नोकरी उभी होती. बाबांच्या ताब्यात तिला सोडायचं की नाही, एवढाच तो प्रश्न होता. उत्तर 'नाही' आलं तर माझी नोकरी जाणार होती, आणि बाबांचं तर सगळंच.

पाण्याची भीती माझ्यात कुठून आली ते मला सांगता येतं, पण सांगून ती कमी होत नाही. लहानपणी आम्ही राहायचो त्या इमारतीच्या आवारात जमिनीखाली टाकी होती. तिचं लोखंडी झाकण आमच्या खेळाचं मैदान. त्यावर उड्या मारल्या की खालून पोकळ, लांबचा आवाज यायचा. एकदा टाकी धुणाऱ्यांनी झाकण उघडून बाजूला ठेवलं होतं. मी वाकून बघितलं. खाली आकाशाचा एक चौकोन होता आणि त्यात एक काळं डोकं, माझं. मी मान हलवली, त्यानेही हलवली. तेवढ्यात मागून मनगट पकडलं गेलं, असं की हाड कळावं, आणि पाठीत धपाटा बसला. जिना चढेपर्यंत आईने माझं मनगट सोडलं नाही, आणि तिचा हात थरथरत होता. माझा नाही, तिचा. त्यानंतर कित्येक वर्षं ती रस्त्यात मला हाताने नाही, मनगटाने धरायची. माझ्या मैत्रिणी आयांच्या बोटाला लोंबकळत चालायच्या आणि मी पकडून आणलेल्या चोरासारखी. तिच्या बोटांचे वळ उठायचे. मला पोहायला शिकू दिलं नाही, सहलीला जाऊ दिलं नाही. मी रागवायचे. आता मात्र बाजारात भिंगरीला धरताना बघते, तर माझी बोटं तिच्या हातात नसतात, मनगटावर असतात. मी कधी तिथे नेऊन ठेवली ते माझं मला कळत नाही.

मी औषधांच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या तपासते. रसायनशास्त्रातली पदवी घेऊन दिवसभर नुसतं बघण्याचा पगार मिळतो, असं नवरा चिडवतो. समोर एक काळा पडदा, एक पांढरा, वर दिवा. बाटली मानेशी धरून हलकेच फिरवायची आणि थांबवायची. बाटली थांबते, आतलं औषध फिरत राहतं, आणि त्या फिरत्या पाण्यात काही तरंगतंय का ते बघायचं. काळ्यावर पांढरा तंतू उठून दिसतो, पांढऱ्यावर काळा कण. ठरावीक वेळाने घंटा वाजते आणि आम्हाला मान वर करून खिडकीबाहेर, लांब कुठेतरी बघत बसावं लागतं. सक्तीने. डोळा एकाच गोष्टीवर लावून ठेवला की थोड्या वेळाने तो बघत नाही, बघितल्यासारखं करतो, असं आमच्या विभागाच्या बाई सांगतात. माझा त्यावर मनातून विश्वास नाही. घंटा वाजली तरी मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बाटल्यांच्या ताटलीकडे बघतेच. याच बाई अधूनमधून आमच्या ताटल्यांत मुद्दाम खराब बाटल्या पेरून ठेवतात, कोण पकडतं आणि कोणाच्या नजरेतून सुटतात ते बघायला. कुठली खरोखरची खराब आणि कुठली पेरलेली, हे आपल्याला कळत नाही. त्यामुळे प्रत्येकच बाटली आपल्याला तपासते आहे असं वाटत राहतं.

मग मी घरात बाटल्या पेरायला लागले. निघताना भिंगरीची पाण्याची बाटली फ्रीजवर नाहीतर चपलांच्या खणात ठेवायची, आणि बाबांना ती सापडली का ते संध्याकाळी बघायचं. आज तिला केळं देऊ नका, सर्दी आहे, असं सांगून जायचं आणि आल्यावर कचऱ्याच्या डब्यात साल शोधायचं. दुपारी फोन करून सहज विचारल्यासारखं विचारायचं, आज कुठला फ्रॉक घातलाय हो तिने? बाबा सांगायचे, निळा. बहुतेक वेळा निळाच असायचा. कधी नसायचा, आणि मग मी उरलेली दुपार काळ्या पडद्यासमोर बसून आठवत राहायचे की सकाळी मी घातला तो नक्की कुठला होता. या तपासणीतून मला काय हवं होतं? ते नापास व्हावेत असं वाटत होतं की पास? खरं सांगायचं तर केळ्याची साल सापडली नाही की मला सुटका वाटायची, आणि त्या सुटकेत बारीकशी निराशाही असायची, दातात अडकलेल्या धाग्यासारखी.

तळं खणलं गेलं. मातीचा ढीग कुंपणाशी लागला, खड्ड्यात जाड काळं अस्तर अंथरलं गेलं, कडेने दगड बसले. पाणी भरायच्या आधी जेवताना मी तोंड उघडणार एवढ्यात नवराच बोलला. ताटाकडे बघत म्हणाला, या माशांवर म्हणे बगळे टपून असतात. वरून जाळी घातलेली बरी. आमच्या भागात बगळा मी कधी बघितला नव्हता, नवऱ्याने नव्हता, बाबांनीही नसावा. तिघांच्याही ताटातले चमचे थांबले. मग बाबा म्हणाले, "हो, बगळ्याचा विचार करायला हवा," आणि उठून पेन्सिल घेऊन आले. त्या दिवसापासून आमच्या घरात ती बगळ्याची जाळी झाली. तारेची, दोन अर्ध्या चौकटींत ताणलेली, पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर खाली कडेच्या दगडांवर टेकणारी, म्हणजे वरून बघितलं तर पाणी उघडंच दिसावं. जाळीची घरं केवढी ठेवायची ते ठरवायला बाबांनी भिंगरीला कागदावर उभं केलं आणि तिचा पाय पेन्सिलीने गिरवला. बगळ्याचा पाय मोजायचा तर दुसरा कुठून आणणार. ती गुदगुल्यांनी खिदळत होती. बाबांनी त्या पावलाहून लहान चौकोन आखला, त्याहून जरा लहान केला, आणि नकाशावर पाण्यावर एक आडवी रेघ ओढली. रेघ ओढून झाल्यावर पेन्सिल बाजूला ठेवताना ते क्षणभर थबकले. ती रेघ म्हणजे झाकण होतं. त्यांनाही दिसलं, मलाही दिसलं.

लिली आम्ही दोघांनी लावली, बाबांनी आणि मी. लिलीचा कंद आल्यासारखा दिसतो, आडवा, गाठीगाठींचा. जाळीच्या टोपलीत चिकणमाती ठासून तो तिरका ठेवायचा, कोंब मातीच्या वर राहू द्यायचा, आणि माशांनी माती उकरू नये म्हणून वर गोटे रचायचे. पण टोपली एकदम तळाशी ठेवली तर कोंबाला उजेडापर्यंत पोचता येत नाही, तो बुडून मरतो. म्हणून खाली विटा रचून ती आधी वर, उजेडापाशी ठेवतात. देठ लांबले की एक वीट काढायची. आणखी लांबले की आणखी एक. असं करत करत टोपली तळाला जाते आणि पानं मात्र पाण्यावरच राहतात. बाबा हे सांगत होते तेव्हा त्यांची बोटं चिखलाने भरली होती आणि आवाजात मला माहीत नसलेला एक तरुणपणा आला होता. जाळीचा एक अर्धा भाग उचलून त्यांनी टोपली विटांवर बसवली, जाळी परत टाकली. काही दिवसांनी पिशवीतून मासे आले. भिंगरीने सगळ्यात मोठ्या माशाचं नाव आजो ठेवलं, कारण तो कुठेतरी जायला निघतो आणि मधेच थांबतो.

जाळीमुळे मी जरा सैल झाले होते. तेवढ्यात मला ती रेघ दिसली. भिंगरीच्या डाव्या मनगटावर, बांगडीच्या जागी, फिकट लालसर. पहिल्यांदा वाटलं बाहीचं इलॅस्टिक. मग बिनबाहीच्या फ्रॉकवरही दिसली. सुट्टीच्या दिवशी नसायची. तिला विचारलं तर म्हणाली, आम्ही गाडी गाडी खेळतो, आणि हाताची घडी घालून तोंड फिरवलं. नवरा म्हणाला, मुलांच्या अंगावर काय काय नसतं. मी मात्र रोज संध्याकाळी तिला दिव्याखाली नेऊन मनगट फिरवून बघायला लागले, बाटली फिरवावी तसं. बाबा तिला ओढत असतील? कशापासून ओढत असतील? की नुसतेच धरून ठेवत असतील, आणि का धरलंय ते विसरून तसेच धरून बसत असतील? विचारायचं ठरवून एके दिवशी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी भिंगरीची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"आज फ्रीजवर होती," ते म्हणाले. "त्याआधी चपलांच्या खणात. पास झालो का मी?"

आवाजात टोमणा नव्हता, आणि तोच लागला. तसं नाही बाबा, असं काहीतरी मी पुटपुटले. ते म्हणाले, तसंच आहे, आणि तपासत जा, माझी हरकत नाही. मनगटाचं विचारायला जीभ रेटली नाही ती नाहीच.

पानं वर येऊ लागली तेव्हा आमची चूक आम्हाला दिसली. लिलीचं पान खालून येताना सुरळीसारखं गुंडाळलेलं असतं, भिंगरीच्या करंगळीएवढं. ते जाळीच्या घरातून सहज वर येतं. वर येऊन उलगडतं, ताटलीएवढं होतं, आणि मग त्याला खाली परत जाता येत नाही. एकेक करत पानांनी जाळीचा तो अर्धा भाग शिवूनच टाकला. आता वीट काढायची तर जाळी उचलायला हवी, आणि जाळी उचलली तर सगळी पानं देठापासून तुटणार. खाली देठांची वेटोळी होत होती, पानं एकमेकांवर चढून पाण्याबाहेर उभी राहत होती. बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, नकाशात मी पानं उघडलेलीच काढली होती, ती वर कशी येतील ते काढायचं राहिलं. त्यानंतर ते रोज काठावर बसून बघत राहायचे. त्यांच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं.

ती सुट्टीची दुपार होती. नवरा शिकवायला गेलेला. सुट्टीच्या दिवशीच लोकांना गाडी शिकायला वेळ असतो. मी दुपारभर घरात कपड्यांना इस्त्री करत होते. भिंगरी झोपून उठली, मी तिला घेऊन तळ्याच्या काठावर बसले. ऊन उतरलं होतं. तिने माशांना खाणं टाकलं आणि सहज म्हणाली, "आजोनी दार केलं. माशांचं दार." मी विचारलं, कुठे गं? तिने पानांच्या झुंबडीकडे बोट केलं. मी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि उजवा पाण्यात घातला. बोटांना जाळी लागली. पुढे सरकवला, जाळी. आणखी पुढे, देठांच्या बुळबुळीत, जाळी. मग काहीच नाही. हात कोपरापर्यंत गेला, मग दंडापर्यंत, गाल पाण्याला टेकला, आणि तरी खाली काही नव्हतं. फक्त थंड, आणि त्या थंडीत काहीतरी मऊ माझ्या बोटांना हुंगून गेलं. कापलेल्या तारेचं टोक मनगटाला बोचलं. त्या भोकाचा आकार मी हातानेच चाचपडून बघितला. पाऊल नव्हे, भिंगरी अख्खी गेली असती.

मागे पावलं वाजली. बाबा दारातून येत होते, हातात बारीक तारेचं वेटोळं आणि पक्कड. मला ओल्या बाहीने काठावर पालथं पडलेलं बघून ते थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळं एकदम आलं, विसरलेलं सगळं.

"केव्हा कापलीत?" मी विचारलं.

"ही झोपली होती तेव्हा. हात घालून वीट काढता यावी आणि टोपली खाली सरकवली की पानांना खाली जायला जागा व्हावी म्हणून. लगेच तारेने शिवून टाकणार होतो."

"आणि तार आणायला केव्हा गेलात?"

त्यांनी वेटोळ्याकडे बघितलं. "आत्ताच, असं मला वाटतंय," ते म्हणाले. "पण खोलीतलं ऊन पार भिंतीवर चढलं होतं."

"बाबा, ही पाण्यात गेली असती."

"गेली असती," ते म्हणाले.

एवढंच. ना पण, ना परंतु. मग त्यांनी खिशात हात घातला आणि एक पांढरी सुती नाडी बाहेर काढली, पायजम्याची, दोन्ही टोकांना सैल फास केलेली, धुऊन धुऊन मऊ पडलेली. ती बघताच भिंगरीने आनंदाने डावा हात पुढे केला. गाडी गाडी, ती म्हणाली. आजो इंजिन, मी डबा.

"त्या पाइपाच्या दिवसापासून," बाबा म्हणाले. "घरात आम्ही दोघंच असलो की एक टोक हिला, एक मला. मी विसरलो तरी हाताला ओढ बसते. झोपली की सोडतो. आज झोपली होती, आणि तू घरात होतीस."

मला सांगितलं का नाहीत, असं मी विचारलं. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"सांगितलं असतं," बाबा म्हणाले, "तर तू हिला माझ्याकडे ठेवली असतीस?"

उत्तर होतं, पण ते तोंडावर देण्यासारखं नव्हतं, आणि त्यांना ते माहीत होतं. मी नाडीकडे बघत राहिले. इतके दिवस मी चपलांच्या खणात बाटल्या लपवत होते आणि हा माणूस स्वतःच स्वतःला बांधून घेत होता. जिना चढताना माझं मनगट धरलेला तो थरथरता हात मला आठवला. मी कितीतरी वर्षं त्या हाताचे फक्त वळ मोजले होते.

भोक तसंच ठेवणं शक्य नव्हतं. वीट निघून टोपली खाली बसल्याशिवाय देठांचा गुंता सुटणार नव्हता, आणि तो सुटल्याशिवाय तार ओवता येणार नव्हती. बाबांनी दुपारी पालथं पडून हात घातला होता, तो विटेपर्यंत पोचला नव्हता. म्हणाले, तुझा नवरा येईपर्यंत थांबू, तोवर मी इथून हलत नाही. मी म्हटलं, नको, मीच उतरते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्यात कधी उतरत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, थट्टेचा विषय होता तो. आम्ही दोघांनी मिळून जाळीचा पानं नसलेला अर्धा भाग उचलून गवतावर ठेवला. आता तिथे उघडं पाणी होतं, छातीइतकं, आणि काठावर माझी मुलगी उभी होती, आणि घरात चौथं कुणी नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "हिला धरा."

नाडी मीच बांधली. आधी तिच्या मनगटावर, त्या रेघेवर नेमकी बसली; मग त्यांच्या. त्यांचं मनगट माझ्या अंदाजापेक्षा बारीक निघालं. गाठ मी दोनदा ओढून बघितली. ते हात पुढे करून उभे राहिले, डॉक्टरसमोर उभं राहावं तसे. मग मी कपड्यांसकट काठावरून खाली उतरले. अस्तर पायाखाली बुळबुळीत होतं, थंडी पोटातून वर चढली, मासे एकदम बाजूला झाले आणि लगेच परत आले. टोपली जाळीखाली होती. तिथवर जायचं तर डोकं पाण्याखाली घालून, पानांच्या खाली वाकायला हवं होतं, झाकणाखाली. मी श्वास घेतला, डोकं आत घातलं आणि लगेच वर आले. दोघं तिथेच होते. भिंगरी म्हणाली, आई, तुझे केस. मी परत बुडी मारली, टोपलीला हात लागला, आणि परत वर आले. दोघं तिथेच होते. असं मी किती वेळा करणार होते? प्रत्येक वेळी श्वास विटेवर नाही, वर बघण्यावर खर्च होत होता. बाबांनी नाडीचा हात जरासा उचलून दाखवला, आणि खाली केला.

तिसऱ्यांदा मी खाली गेले आणि डोळे उघडे ठेवले. आत हिरवट उजेड होता आणि त्यात असंख्य कण तरंगत होते. एवढे कण दिसले असते तर मी अख्खी ताटली नापास केली असती. आज मी बाटलीच्या आत होते. एका हाताने टोपली उचलून धरली, दुसऱ्याने वरची वीट ढकलली; ती सुटली, चिखलाचा एक ढग उठवून सावकाश तळाला गेली. मी टोपली खालच्या विटेवर बसवली. देठांची वेटोळी हळूहळू सुटायला लागली. वर पानं खाली ओढली जाऊन पाण्यात बुडाली, आणि त्यांच्या मधून फट पडली. पानांची खालची बाजू तांबूस असते हे मला माहीत नव्हतं. त्या फटीतून, जाळीच्या चौकोनांपलीकडे, दोन आकार हलत होते, एक उंच, एक ठेंगणा, पाण्याने मोडलेले आणि परत जुळणारे. मधे एक पांढरी रेघ होती. ती सैल पडत होती, ताठ होत होती, परत सैल पडत होती. काम झालं होतं, आता वर जायला हरकत नव्हती. पण घंटा वाजल्यावर खिडकीबाहेर बघत बसावं, तशी मी वर बघत बसले. श्वास पुरला तोवर, आणि त्यानंतरही थोडा वेळ, मी खालीच राहिले.